मराठवाड्यात राहून आईस हॉकीचा कोच व्हायचंय? मग हे आधी वाचा

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला सकाळची इनलाइन स्केटिंगची बॅच घेतो आणि हिवाळ्यात लेहला आईस हॉकीच्या कॅम्पात कोच लोकांच्या मदतीला जातो, त्यामुळं नांदेड, परभणी, लातूर, बीड असं सगळीकडून पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाप विचारायलेत की सर हे कोचिंगचं नेमकं कसं असतं, कुठं जायचं, काय शिकायचं, पैसे मिळतात का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लोक म्हणतात इथं बर्फ नाही म्हणून काही होणार नाही. माझं मत उलटं आहे. कोचचं काम जितकं बर्फावर असतं त्याच्या कितीतरी पट जास्त बर्फाच्या बाहेर असतं, म्हणजे बघणं, लिहिणं, प्लॅन करणं, लेकरांशी बोलणं, आणि हे सगळं ४२ डिग्रीत बसूनही शिकता येतं. बर्फ लागतो तो नंतर, आणि तेव्हा तिकीट काढून जावं लागतं. पण तयारी इथूनच करून जायची, रिकाम्या हातानं गेलात तर तिथं नुसते पडत बसाल.

१. आधी हे काम काय असतं ते समजून घ्या

टीव्हीवर सूट घालून बेंचमागं उभा राहिलेला माणूस दिसतो तो हेड कोच. तो एकटा नसतो. त्याच्याबरोबर दोन-तीन असिस्टंट असतात, एकाकडं फॉरवर्ड आणि पॉवर प्ले (समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीमुळं बाहेर बसलेला असतानाचा खेळ), दुसऱ्याकडं डिफेन्स आणि पेनल्टी किल (आपला खेळाडू बाहेर असताना तग धरणं), मग गोलीचा, म्हणजे गोलकीपरचा, वेगळा कोच, व्हिडिओ कोच, आणि आजकाल स्किल्स किंवा स्केटिंगचा वेगळा कोच. म्हणजे कोच व्हायचंय म्हणजे हेड कोचच व्हायचंय असं नाही, यातलं कुठलंही एक दार पकडता येतं आणि माझ्या मते आपल्यासारख्यांना स्केटिंग आणि व्हिडिओ ही दोन दारं जास्त जवळची आहेत.

मॅच २० मिनिटांच्या तीन पिरियडची. बर्फावर एका वेळी पाच खेळाडू आणि एक गोली, आणि खेळाडू साधारण ४५ सेकंदांत दमतो म्हणून सारखी अदलाबदल चालू, त्याला शिफ्ट म्हणतात, आणि ही अदलाबदल खेळ न थांबवता होते. आता कोणती लाइन, म्हणजे एकत्र उतरणारे खेळाडू, कुणासमोर पाठवायची हे कोच ठरवतो. खेळ थांबला की शेवटची बदली करायचा हक्क घरच्या टीमला असतो, म्हणजे समोरच्यानं कोण उतरवलं ते बघून तुम्ही तुमचा माणूस उतरवता. टाइमआऊट मॅचमध्ये एकच, तोही ३० सेकंदांचा. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, कोचला रेफरीच्या निर्णयावर चॅलेंज घेता येतं पण ते चुकलं तर टीमला २ मिनिटांची पेनल्टी बसते, म्हणून व्हिडिओ कोच आत बसून रिप्ले बघून काही सेकंदांत हो किंवा नाही सांगतो. आणि शेवटी एक गोल मागं असताना गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवायचा की नाही, कधी उतरवायचा, हेही कोचच्या डोक्यावर. जमलं तर वाहवा, रिकाम्या गोलात पक (खेळायची रबरी चकती) गेला की शिव्या.

एनएचएलचा सीझन साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, ऐंशीच्या वर मॅच, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी, आणि प्लेऑफमध्ये पोचलात तर जूनपर्यंत. सकाळी हलकी प्रॅक्टिस, दुपारी व्हिडिओ मीटिंग, संध्याकाळी मॅच, रात्री विमान. घरचे लोक कमी दिसतात.

नोकरी पक्की नसते हे आत्ताच मनात धरा. एनएचएलच्या सेंट लुईस ब्लूज या टीमचं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०१८ ला त्यांनी कोचला काढलं आणि क्रेग बेरूबेला तात्पुरता कोच नेमलं. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला टीम अख्ख्या लीगमध्ये शेवटची होती. जूनमध्ये तीच टीम स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकली, त्यांच्या इतिहासातला पहिला. आणि त्याच बेरूबेला डिसेंबर २०२३ मध्ये त्याच टीमनं काढून टाकलं. इतकंच असतं. आपल्याकडं मास्तरकीत परमनंट झालं की निवांत, तसं इथं काही नाही.

आता लोक विचारतात मोठा खेळाडू नसलो तर चालतं का. चालतं. स्कॉटी बोमनला ज्युनियरमध्ये असतानाच डोक्याला मार लागला आणि खेळणं मागं पडलं, मग तो कोच झाला आणि हेड कोच म्हणून ९ स्टॅनली कप आणि रेग्युलर सीझनच्या १२४४ मॅच जिंकला. जॉन कूपर तर वकील होता राव, मिशिगनमध्ये वकिली करायचा, एका जजसाहेबांनी मुलाच्या शाळेच्या टीमला कोच हवा म्हणून गळ घातली आणि तिथून चढत चढत ज्युनियर लीग, मग एएचएल (एनएचएलच्या खालची लीग), मग २०१३ ला एनएचएलची टॅम्पा बे टीम, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन कप. जेसिका कॅम्पबेल खेळाडूंना पॉवर स्केटिंग शिकवून नावारूपाला आली आणि २०२४ मध्ये सिॲटल क्रॅकनची असिस्टंट कोच झाली, एनएचएलच्या बेंचमागं फुलटाइम उभी राहणारी पहिली बाई. पोरींनो, हे खास तुमच्यासाठी लिहिलंय. आणि मॅनी मल्होत्रा, भारतीय वडिलांचा मुलगा, स्वतः एनएचएल खेळलेला, तो कोच असताना ॲबट्सफर्डच्या टीमनं २०२५ चा कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं अजिंक्यपद, जिंकला.

यातला कुणीही थेट वर गेला नाही. शाळा, ज्युनियर, छोटी लीग, मग मोठी.

२. चाकांवर उभं राहायला शिका, आणि ते चांगलं शिका

स्केटिंग येत नसताना आईस हॉकीचा कोच होता येत नाही. व्हिडिओवालासुद्धा थोडंफार स्केट करतो. लेकरं तुमच्या पायाकडं बघून शिकतात, तोंडाकडं बघून नाही.

इनलाइन स्केट घ्या, चार चाकं एका ओळीत असलेले. क्वाड म्हणजे दोन पुढं दोन मागं, ते आपल्याकडं स्वस्त आणि जास्त मिळतात पण बर्फावर जायचंय तर इनलाइनच. चाकं बाहेरच्या काँक्रीटला कडक लागतात आणि हॉलमधल्या गुळगुळीत फरशीला मऊ, हे दुकानदार सांगत नाही, तो असेल ते गळ्यात मारतो. चाक आतल्या बाजूनं जास्त झिजतं म्हणून मधून मधून फिरवून लावायचं. आणि आपली काळी माती बेअरिंगची दुश्मन आहे, पावसाळ्यात एकदा चिखलातून गेलं की बेअरिंग खरखर वाजायला लागतात, काढून पुसून तेल घालायचं.

जागा कुठं मिळते? शाळेचं बास्केटबॉल कोर्ट सगळ्यात बरं. उन्हाळ्यात सहाच्या आत मैदानावर, आठला घरी, त्यानंतर काँक्रीट तापतं. लग्नाच्या तारखा नसल्या की मंगल कार्यालयाचा हॉल भाड्यानं मिळतो आणि मालक बऱ्याचदा कमी पैशात देतो पण त्या चकचकीत टाइल्सवर फार सांभाळून, पाणी सांडलेलं असलं की कडक चाक साबणासारखं सरकतं.

काय शिकायचं ते क्रमानं: गुडघे वाकवून उभं राहणं, पडणं आणि उठणं, दोन्ही पायांवर थांबणं, क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं) दोन्ही बाजूंनी, उलटं स्केटिंग, आणि पुढून मागं मागून पुढं वळणं. सगळे उजव्या बाजूचा क्रॉसओव्हर मस्त मारतात आणि डाव्या बाजूला रडतात. डावी बाजू दुप्पट करा.

एक फरक आत्ताच सांगून ठेवतो. बर्फावर पातं आडवं घासून थांबता येतं, बर्फाचा भुगा उडतो ते दिसतं ना ते. चाकांवर तसं सहज घसरत नाही, त्यामुळं इनलाइनवाला पहिल्यांदा बर्फावर गेला की पळतो झकास आणि थांबताना थेट भिंतीत. लेहला हे दरवर्षी बघतो. पातं आडवं टाकायची भीती मोडायला दोन-चार दिवस जातात, तेवढं मनात धरून जा.

बाहेर सरावाला पक वापरू नका, काँक्रीटवर तो उड्या मारतो. बॉल घ्या, नाहीतर खाली प्लॅस्टिकचे मणी असलेला इनलाइनचा पक. खरा पक रबराचा, १५६ ते १७० ग्रॅमचा, तो हातात धरून बघितला की कळतं हेल्मेटला जाळी कामून लागते.

३. खेळ वाचायला शिका

हे घरी बसून होतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडं संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच असतात, म्हणजे दूधवाला यायच्या वेळेला पहिला पिरियड चालू असतो. एक वही करा. मोबाइलमध्ये नाही, वही.

पकमागं डोळे पळवू नका. पहिल्या पिरियडमध्ये एकच खेळाडू निवडा आणि पक त्याच्याकडं नसताना तो कुठं उभा राहतो तेवढंच बघा. दुसऱ्यात घड्याळ लावून शिफ्ट मोजा, कुठली लाइन ४० सेकंदांत परत येते आणि कुठली सव्वा मिनिट अडकते. गोल झाला की रिप्लेत गोल बघू नका, त्याच्या आधीचे पंधरा सेकंद बघा, चूक तिथं असते. बहुतेक वेळा कुणीतरी दमलेला असतो किंवा बदलीला घाई केलेली असते.

ऑफसाइड (पकच्या आधी समोरच्याच्या भागात घुसणं), आयसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट पार पलीकडच्या गोलरेषेमागं मारणं), २ मिनिटांची मायनर आणि ५ मिनिटांची मेजर पेनल्टी, पॉवर प्ले, एवढं आधी. फोरचेक म्हणजे पक त्यांच्याकडं असताना त्यांच्याच भागात जाऊन दाबणं, त्यात १-२-२ आणि २-१-२ अशा मांडण्या असतात, एक माणूस पुढं घालायचा की दोन एवढाच मूळ प्रश्न. कागदावर बटाण्याचे दाणे ठेवून घरातल्या कुणाला तरी समजावून सांगा. माझ्या आजीला आयसिंग समजलं तेव्हा मला वाटलं आता मी कुणालाही शिकवू शकतो.

व्हिडिओच्या बाबतीत रॉजर नीलसनचं नाव माहीत असू द्या. कोचिंगमध्ये व्हिडिओ वापरण्यात तो इतका पुढं होता की लोक त्याला कॅप्टन व्हिडिओ म्हणायचे, एनएचएलच्या ८ टीमचा तो हेड कोच राहिला म्हणजे तितक्याच वेळा सामान बांधलं असं समजा. नीलसन आजारी असताना २००२ मध्ये ओटावाच्या हेड कोचनं दोन मॅचसाठी स्वतः बाजूला होऊन त्याला बेंचवर उभं केलं, हेड कोच म्हणून त्याच्या हजार मॅच पूर्ण व्हाव्यात म्हणून. आज हे काम मोबाइल आणि ट्रायपॉडवर होतं, बॅचमधल्या लेकरांचा व्हिडिओ काढून दाखवायला सुरुवात करा, आईबापांची परवानगी घेऊन.

एक गंमत, कॅनडात २००८ पासून एनएचएलच्या मॅचची पंजाबी कॉमेंट्री होते. नांदेडच्या ज्या पोरांना घरी पंजाबी येते त्यांनी ती ऐकावी, इंग्रजीपेक्षा लवकर डोक्यात शिरेल.

४. पहिली बॅच इथंच घ्या

कोच व्हायला कुणीतरी शिकणारं लागतं. कॉलनीतली आठ-दहा लेकरं जमवा. फुकट घेऊ नका, थोडी तरी फी ठेवा, नाहीतर पाऊस आला, पाहुणे आले, मामाचं लग्न आलं की कुणी येत नाही.

जवळच्या चांगल्या कोचला बघत बसा, खेळ कुठलाही असो. संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तिथले कोच सराव कसा बांधतात ते परवानगी काढून बघण्यासारखं आहे. नांदेडकरांना तर मैदानी हॉकी घरचीच, गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कपला देशभरातल्या टीम येतात, तेव्हा प्रेक्षकात बसण्यापेक्षा बेंचच्या जवळ उभं राहा आणि कोच हाफटाइमला काय बोलतो ते ऐका. लई शिकायला मिळतं, आणि शिव्याही नवीन मिळतात.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.पी.एड. करून ठेवा असं मी सांगतो. दोन वर्षांचा कोर्स, राज्याची सीईटी असते, त्यात मैदानावरची चाचणीही असते. आईस हॉकीनं पोट नाही भरलं तर शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचा रस्ता उघडा राहतो, आणि घरच्यांना सांगायलाही काहीतरी लागतं. दुसरा रस्ता पटियालाचा, नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासून चालू आहे, तिथं कोचिंगचा डिप्लोमा होतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. कोणत्या वर्षी कोणते खेळ आहेत ते जाहिरातीत नीट बघा, मैदानी हॉकीचा डिप्लोमा केला तरी ट्रेनिंगचं शास्त्र तेच असतं. आपल्याकडून जायला सचखंड एक्स्प्रेस सोपी, नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर कुठूनही बसा आणि अंबाल्याला उतरा, पुढं पटियाला बसनं.

५. आता बर्फ

भारतात आईस हॉकीचं मुख्य ठिकाण लडाख. आईस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे, पुरुषांची टीम २००९ ला अबू धाबीत चॅलेंज कप ऑफ एशिया पहिल्यांदा खेळली, महिलांची टीम २०१६ ला तैपेईला. त्याच महिलांनी २०२५ ला यूएईत आशिया कपचं ब्राँझ आणलं. त्यातल्या बहुतेक पोरी लडाखच्या, घराजवळच्या गोठलेल्या तळ्यावर शिकलेल्या.

नैसर्गिक बर्फाचा मोसम छोटा असतो, डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत धरा. गावातली माणसं रात्री पाणी सोडून थरावर थर गोठवतात तेव्हा रिंक तयार होतो, आणि सकाळी तो झाडायचं कामही असतं. तुम्ही नवीन आहात तर फावडं हातात घ्या, कुणी सांगायची वाट बघू नका. तिथं तुम्हाला ओळख मिळते ती अशा कामातनं, सर्टिफिकेट दाखवून नाही. डेहराडूनलाही कृत्रिम बर्फाचा मोठा रिंक आहे, २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेला, मध्ये कित्येक वर्षं बंद होता आणि २०२५ ला परत सुरू झाला. जायच्या आधी चालू आहे का आणि हॉकीला वेळ देतात का ते फोन करून विचारा, उगं तिकीट काढू नका.

लेहचे काही सापळे:

लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं आणि पाणी प्यायचं. आपली पोरं उतरल्या उतरल्या रील काढत फिरतात आणि रात्री डोकं धरून उलट्या करतात. दम्याचा त्रास किंवा हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरला विचारा.

बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरी सांगून ठेवा नाहीतर आई इकडं देव पाण्यात घालून बसते.

हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद असतो, विमानच धरा आणि परतीला एखादा दिवस मोकळा ठेवा कारण हवामानामुळं विमान रद्द होतं.

रात्री तापमान शून्याच्या खाली पंधरा-वीस जातं. नळ गोठतात. मोबाइलची बॅटरी बघता बघता उतरते, आतल्या खिशात ठेवा. कॉटनचे कपडे आत घालू नका, घाम गोठतो.

स्केटचं पातं. आपल्याकडं धार लावणारा मिळणं अवघड आहे, त्यामुळं लेहला नाहीतर दिल्लीकडंच लावून घ्या आणि हातानं किनार साफ करायचा छोटा दगड जवळ ठेवा. नेहमीच्या कात्री-सुरीवाल्याकडं चुकूनही देऊ नका, पात्याला मधून बारीक खोबण असते आणि तो ती सपाट करून देतो.

स्केट घेताना बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतो. मोठा घेतला, जाड मोजे घातले, की घोटा आत हलतो आणि मग कितीही शिकवा काही होत नाही.

६. सामान आणि कागद

स्वतःसाठी: स्केट, जाळीचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, स्टिक (स्केट घालून उभं राहिल्यावर साधारण हनुवटीपर्यंत), नडगीचे आणि कोपराचे पॅड, माउथगार्ड, आणि गळ्याचा गार्ड. गळ्याच्या गार्डला हसू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला मॅच चालू असताना ॲडम जॉन्सन हा खेळाडू गळ्याला पातं लागून गेला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं आपल्या स्पर्धांत सगळ्यांना गळ्याचा गार्ड सक्तीचा केला. कोच म्हणून तुम्ही बर्फावर असाल तर तुम्हीही हेल्मेट घाला, तुम्ही नाही घातलं तर लेकरं काढतात.

कोचची पिशवी: शिट्टी, छोटा व्हाइटबोर्ड आणि मार्कर (थंडीत मार्कर गोठतो, दोन ठेवा), कोन, जादा लेस, टेप, स्क्रू ड्रायव्हर, फर्स्ट एडची पेटी, प्रत्येक लेकराच्या घरचा नंबर आणि रक्तगट कागदावर लिहिलेला.

कागद: पासपोर्ट (आजच अर्ज करा, नंतर नाही), दहावीची सनद आणि जन्मदाखला, आधार, मेडिकल फिटनेस, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट, खेळलेल्या स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं, शाळा-क्लबकडून काम केल्याचं पत्र लेटरहेडवर तारखेसकट. परदेशात लेकरांबरोबर काम करायचं असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ते पासपोर्ट सेवेच्या साइटवरून काढतात. सगळ्यावरची नावाची स्पेलिंग एकसारखी आहे का बघा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही यावरून आपल्याकडच्या किती जणांचे अर्ज अडकतात ते सांगायची सोय नाही.

७. परदेशातली सर्टिफिकेट

माझा मामेभाऊ मूळचा परभणीचा, कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो आणि नऊ वर्षांखालच्या लेकरांच्या टीमला असिस्टंट आहे, त्यानं सांगितलेलं आणि मी वाचून घेतलेलं इथं देतो.

कॅनडात पायऱ्या आहेत. लहान लेकरांसाठी कोच १, मग कोच २, मग स्पर्धेच्या टीमसाठी डेव्हलपमेंट १, आणि वरच्या पातळीला हाय परफॉर्मन्स. थोडा भाग ऑनलाइन, थोडा प्रत्यक्ष. त्याशिवाय रिस्पेक्ट इन स्पोर्ट हा कोर्स, म्हणजे लेकरांशी कसं वागायचं, शिवीगाळ आणि छळ कसा ओळखायचा, आणि पोलिसांकडची तपासणी. अमेरिकेत लेव्हल १ ते ५, वयोगटाप्रमाणे वेगळे मॉड्यूल, सेफस्पोर्ट (छळ ओळखणं आणि टाळणं) ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक. हे सगळं कंटाळवाणं वाटतं पण मला आवडतं, आपल्याकडं लेकरांच्या कोचची काहीच तपासणी होत नाही.

लहान गटांत पूर्ण रिंकवर खेळवत नाहीत, अर्ध्या किंवा आडव्या बर्फावर खेळवतात म्हणजे प्रत्येकाला जास्त वेळा पक मिळतो. तेरा वर्षांखाली अंगावर जाऊन धडक मारणं बंद आहे. तुमच्या कोर्टवर हे दोन्ही उद्यापासून लागू करता येतं.

आणि डोक्याला मार लागला की खेळ बंद, लेकरू कितीही म्हणो मी ठीक आहे. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय परत उतरवायचं नाही. यात बापाचं ऐकायचं नाही, बाप फायनल आहे म्हणून हट्ट करतो.

८. पैशाचं

थोडक्यात लिहितो कारण थोडकेच आहेत. भारतात फक्त आईस हॉकी कोचिंगवर घर चालवणं आज अवघड आहे. स्केटिंगच्या बॅचेस, शाळेची नोकरी आणि हिवाळ्यात कॅम्प असं मिळून जमतं. कॅनडात गेलं की पगार सुरू असंही नाही, तिथं लेकरांच्या टीमचे बहुतेक कोच फुकट काम करणारे आईबाप असतात, माझा मामेभाऊ गोदामात नोकरी करून संध्याकाळी रिंकवर जातो. पैसे मिळतात ते स्किल्स आणि पॉवर स्केटिंग शिकवणाऱ्यांना, अकॅडमीत आणि ज्युनियर लीगपासून वर.

९. फसवणूक

"आईस हॉकी कोचचा व्हिसा करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. टीमचं नाव, कामाचं पत्र आणि त्या टीमचा स्वतःचा फोन मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पैसे देऊन राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळतं असं कुणी सांगितलं तर उठून या. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हवं असेल तर प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, आणि खोट्या प्रमाणपत्रांवर लागलेल्यांच्या नोकऱ्या गेलेल्या आहेत. तुमचा खेळ आणि ती स्पर्धा यादीत बसते का हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, लेखी उत्तर मागा.

एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना असतात आणि दोघेही आपणच खरे म्हणतात. खेळाडू नोंदणी करताना वरच्या संघटनेच्या साइटवर त्यांचं नाव आहे का तेवढं बघा.

१०. पहिल्या प्रॅक्टिसचा प्लॅन

कॅनडात बर्फाचा वेळ साधारण ५० मिनिटांचा मिळतो, मग मशीन येऊन बर्फ गुळगुळीत करतं. म्हणून आत्तापासून ५० मिनिटांतच बसवायची सवय लावा. माझा इनलाइनचा प्लॅन असा असतो, जसाच्या तसा घ्या:

पहिली ५ मिनिटं मोकळं स्केटिंग, प्रत्येकाकडं बॉल, तुम्ही फक्त नावानं हाक मारायची. पुढची १२ मिनिटं चार कोपऱ्यांत चार स्टेशन, थांबणं, डावा क्रॉसओव्हर, उलटं स्केटिंग, बॉल घेऊन कोनमधून, तीन-तीन मिनिटांनी शिट्टी. मग ८ मिनिटं पास, जोडीजोडीनं, पळता पळता. मग १५ मिनिटं अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन, दर ४० सेकंदांना शिट्टी आणि पुढची लेकरं आत, शिफ्टची सवय इथंच लागते. ५ मिनिटं शूटआउट (एकटा खेळाडू विरुद्ध गोली), कारण लेकरं त्यासाठीच आलेली असतात. उरलेली ५ मिनिटं पाणी आणि बोलणं, आणि बोलायचं एकच वाक्य, आज काय जमलं. एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त बोलायचं नाही, कुणी रांगेत उभं राहून वाट बघताना दिसलं तर ते ड्रिल चुकीचं बसवलंय.

जाताना कोन आणि गोलपोस्ट उचलायचं काम लेकरांनाच लावा, पहिल्याच दिवसापासून, नाहीतर महिनाभरानं तुम्ही एकटेच ते ओढत बसाल आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असेल.